हिरव्या चौकटीतला गुरुवार

तुळजापुरातल्या त्या खासगी शाळेत इंटरनेट यायच्या आधी कित्येक वर्षं शाळेचं इंटरनेट म्हणजे हरणाबाई होत्या. कार्यालयात संगणक होता, पण त्यातून बाहेर काही जात नसे. लिपिक रामहरी भाऊसाहेब माहिती पेन ड्राईव्हमध्ये भरत. हरणाबाई तो रुमालात गुंडाळत आणि चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन देत. दुकानदार माहिती शिक्षण खात्याच्या साईटवर चढवी आणि बाई परत येत. कधी हातात पावती असे, कधी ‘साईट बंद आहे, उद्या या’ असा निरोप. पेन ड्राईव्ह उन्हात तापला तर आतली अक्षरं बिघडतील अशी त्यांना बरेच दिवस शंका होती, त्यामुळं त्या रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं चालत.

हरणाबाई शाळेत शिपाई. गाव तुळजापूरपासून एसटीनं अर्ध्या तासावर. नवरा शिवपुत्र शेती बघतो, सासू कोंडाबाई घर बघते आणि दोघांवर नजर ठेवते. नोकरीला लागल्या तेव्हा बाईंचं शिक्षण दहावीपर्यंत झालं होतं. पुढं त्यांनी बारावी केली आणि मुक्त विद्यापीठातून पदवीही घेतली. हे सगळं इतक्या गुपचूप झालं, की पदवीचा कागद दाखवला तेव्हा मुख्याध्यापक इंद्रजित सरांनी तो उलटून मागची बाजूही पाहिली.

रामहरी भाऊसाहेब जानेवारीअखेर निवृत्त होणार हे ठरलं, तेव्हा सरांनी बाईंना बोलावून घेतलं.

“मावशी, पदोन्नतीनं ही जागा तुम्हाला मिळू शकते. पदवी आहे, नोकरीची वर्षं भरतात. फक्त संगणकाचं प्रमाणपत्र नाही. ते असल्याशिवाय मला प्रस्ताव पाठवता येत नाही. आणि जानेवारीत प्रस्ताव गेला नाही, तर संस्था दुसऱ्या शाळेतला माणूस आणून बसवणार.”

“एकदा बसला की?”

“मग तो निवृत्त होईपर्यंत बसला.”

रामहरी भाऊसाहेब शेजारीच होते. “घ्या शिकून,” ते म्हणाले. “अवघड काय न्हाय. मी बी शिकलोच की.” त्यांचं प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावलेलं होतं. संगणकाचं निम्मं काम मात्र चौकातच होत होतं.

बसस्थानकाजवळ एक संगणक वर्ग होता. शिकवायला समृद्धी नावाची तरुण बाई. ती मूळची नाशिककडची, लग्न होऊन तुळजापुरात आली त्याला वर्षही झालेलं नव्हतं. शाळा सुटली की हरणाबाई तिथं जात आणि शेवटच्या गाडीनं गावी परतत. वर्गात बाकी सगळी कॉलेजची पोरं.

पहिल्या दिवशी समृद्धीनं विचारलं, “आज सकाळपासून तुमची किती संगणकांशी गाठ पडली?”

पोरांनी मोबाईल वर केले. हरणाबाई म्हणाल्या, “एकाशी बी न्हाय.”

“सकाळी गावाहून कशा आलात?”

“एसटीनं.”

“तिकीट कशावर निघालं?”

मग समृद्धीनं एकेक काढायला सुरुवात केली. कंडक्टरच्या हातातलं मशीन, रेशन दुकानात अंगठा लावायचं यंत्र, बँकेत पासबुक गिळून छापून देणारी पेटी, देवीच्या दर्शनाचा पास देणारी खिडकी, डेअरीवरचा दुधाचा काटा.

“दुधाच्या काट्यात बी?” हरणाबाईंनी विचारलं.

“त्यातही. आत माहिती जाते, त्यावर काहीतरी क्रिया होते आणि उत्तर बाहेर येतं. एवढं जमतं त्याला संगणक म्हणायचं. डोकं मात्र त्याला नसतं. त्याला जेवढं सांगितलंय तेवढंच कळतं, न सांगितलेलं काही माहीत नसतं. पण एकदा सांगितलं की विसरत नाही. कोणी बटण दाबलं, कधी दाबलं, सगळं आत राहतं.”

त्या दिवशी परतीच्या गाडीत हरणाबाई कंडक्टरच्या मशीनकडं निरखून बघत राहिल्या. शेवटी विचारलं, “भाऊ, ह्याच्यात किती गावं हायत?”

“तुमचं उतरायचं गाव हाय. तेवढं बास की,” कंडक्टर म्हणाला.

शिकणं सरळ झालं नाही. माऊसवर दोन टिचक्या लागोपाठ मारायच्या तर त्यांच्या दोन टिचक्यांच्या मध्ये एक श्वास जाई आणि फाईल जागची हलत नसे. माऊस सरकवत टेबलाच्या कडेला आला की त्या थांबत आणि हात वर करत.

“उचला आणि पुन्हा मध्ये ठेवा,” समृद्धी म्हणाली.

“उचलल्यावर बाण खाली पडत न्हाय व्हय?”

पोरं हसली. बाईंनी माऊस उचलून पाहिला. बाण होता तिथंच होता. मग त्याही हसल्या.

शाळेतल्या संगणक खोलीची किल्ली त्यांच्याकडंच असे. पंधरा वर्षं त्यांनी तिथले पडदे पुसले होते, कळांच्या फटीतली धूळ काढली होती, वर चादरी घातल्या होत्या. आता मधल्या सुट्टीत डबा खाऊन त्या त्याच संगणकांपैकी एकावर बसत आणि रजेचे अर्ज टाइप करत. कुणाच्या नावानं करायचे हा प्रश्न होता, म्हणून रामहरी भाऊसाहेबांच्या नावानं करत. भाऊसाहेबांना ताप, भाऊसाहेबांच्या पुतण्याचं लग्न, भाऊसाहेबांची दाढदुखी. एकदा भाऊसाहेबांनीच पडद्यावर ते वाचलं.

“एवढ्या रजा मला कुणी दिल्या असत्या तर!” ते म्हणाले. “आन दाढ माझी कधीच दुखली न्हाय.”

“मग पोट लिहू का?”

डिसेंबरच्या मध्यावर परीक्षेची तारीख घ्यायची वेळ आली. केंद्र धाराशिवला. तारीख विद्यार्थ्यानं स्वतः संगणकावर निवडायची, तोही अभ्यासच, असा समृद्धीचा नियम. हरणाबाई बसल्या. पडद्यावर जानेवारीचा महिना चौकटी-चौकटींनी उघडला. भरलेले दिवस लाल, जागा असलेले हिरवे. महिनाभर सगळा लाल होता. मधोमध एकच गुरुवार हिरवा, आणि त्यातली एकही जागा गेलेली नव्हती.

“बाई, हा गुरुवार लई मोकळा हाय.”

समृद्धी दुसऱ्या मुलाकडं होती. तिथूनच तिनं मान वळवली. “बरंच झालं की. गर्दी नाही, निवांत द्याल. घ्या तो.”

हरणाबाईंनी बाण चौकटीवर नेला आणि टिचकी मारली. ‘नक्की?’ असं संगणकानं विचारलं. त्यांनी होय म्हटलं. आयुष्यभर उभ्यानं प्रवास करणाऱ्याला रिकामी गाडी मिळावी, तसं त्यांना वाटलं.

गाडी रिकामी का आहे, हे तेवढं विचारायचं राहून गेलं.

हरणाबाईंच्या घरात महिना तारखांनी मोजत नाहीत. चंपाषष्ठी झाली, दत्तजयंती झाली, आता येळवस, असा तो चालतो. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, तिला या भागात येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात, दुकानांना कुलपं लागतात आणि झाडून सगळी माणसं रानात जातात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करतात. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. त्यांची पूजा झाली की जेवायला ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेत असणारा आग्रहानं बोलावतो. दिवाळी चुकलेला माणूस सापडेल, येळवस चुकलेला सापडणार नाही. ती येतेय हे हरणाबाईंना पक्कं माहीत होतं. ती किती तारखेला येतेय, हे तारखेच्या भाषेत त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. नव्या वर्षाचं कॅलेंडर अजून भिंतीवर लागायचं होतं, आणि संगणकातल्या महिन्यात अमावस्या दाखवलेली नव्हती. जिल्ह्यातल्या बाकी परीक्षार्थींनी तो दिवस बरोबर ओळखून सोडून दिला होता.

डिसेंबर संपता संपता शिवपुत्रानं किराणा दुकानातून मिळालेलं नवं कॅलेंडर आणलं आणि खिळ्याला अडकवलं. हरणाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

“येळवस कवा हाय बघ रं,” कोंडाबाई म्हणाली.

“अकरा तारीख. गुरुवार.”

भाकरी थापणारा हात थांबला. “आवं, परत एकदा बघा.”

“बघितलं की. अमावस्या काय सरकती व्हय?”

तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा काहीतरी झालंय हे कोंडाबाईच्या ध्यानात आलं. हरणाबाईंनी सांगितलं. शिवपुत्र आधी हसला, मग हसायचं थांबला.

“मास्तर लोकांना मी जेवायला सांगून बसलोय,” तो म्हणाला. “दरसाल तुझ्या हातच्या भज्जीसाठी येत्यात.”

“परीक्षा पुढल्या अमावशेला ठेवा म्हणावं,” कोंडाबाई म्हणाली.

“आत्या, तसं होत न्हाय. पुढची तारीख फेब्रुवारीत.”

“मग फेब्रुवारीत दे.”

“फेब्रुवारीत जागा गेलेली असंल.”

कोंडाबाईनं सरपण आत सारलं. “म्हंजी घरची लक्ष्मी येळवशीला परीक्षेला जाणार. आन टोपलं?”

रानात न्यायच्या जेवणाचं ते टोपलं. त्या घरात ते सुनेच्या डोक्यावरूनच जाई. गाडीवर ठेवलेलं टोपलं कोंडाबाईला चालत नसे.

“भज्जी करून जाते मी. टोपलं तेवढं तुम्ही न्या,” हरणाबाई म्हणाल्या.

“माझ्या गुडघ्याला इचार आधी.”

मग शिवपुत्र म्हणाला, “मी नेतो डोक्यावर.”

“गाव हसंल,” आई म्हणाली.

“हसू दे. वरसातनं एक दिवस हसंल.”

दुसऱ्या दिवशी समृद्धीनं परीक्षा घेणाऱ्या कार्यालयात फोन लावला. तिकडून विचारणा झाली, त्या दिवशी सुट्टी आहे का. त्यांच्या यादीत तशी नव्हती. तारीख बदलून हवी तर फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. समृद्धीचं तोंड उतरलं.

“मला खरंच माहीत नव्हतं हो, मावशी. आमच्याकडे हा सण नसतो.”

“तुमचं काय चुकलं, बाई? मला म्हाईत होतं, आन बटण मीच दाबलं.”

येळवशीच्या दिवशी हरणाबाईंनी झुंजुरकाच, उजाडायच्या आधी, भज्जी उकळायला घातली. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाजी, चिंच, वरून डाळीचं पीठ. उंडे केले, आंबिलाचं मडकं भरलं, टोपलं बांधून वर पांढरं फडकं टाकलं आणि बाई एसटीच्या थांब्यावर आल्या. गाडीत त्या आणि आणखी दोघं. दोन्ही बाजूंनी रानात माणसंच माणसं दिसत होती आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. तुळजापुरात गाडी बदलून त्या धाराशिवला उतरल्या. एरवी पाय ठेवायला जागा नसते त्या बाजारात कुत्री झोपली होती.

केंद्राचं शटर खाली होतं.

बाईंनी ते हातानं वाजवून पाहिलं. आजूबाजूलाही सगळी शटरंच. परीक्षा अकराला सुरू होणार होती, उशिरात उशिरा साडेअकरापर्यंत बसता येत होतं. फलकावर एक मोबाईल नंबर होता. त्यांनी तो लावला. पलीकडून माणसांचा गलका आणि बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला.

“कोण बोलतंय?”

“परीक्षेला आलेय मी. केंद्र बंद हाय.”

“आज? आज कुठली परीक्षा?” मग तो माणूस, केंद्राचे पर्यवेक्षक महारुद्र, जरा थांबला. “हां, एक नाव दिसलं होतं. चुकून आलं असंल वाटलं. तुम्ही कुठल्या?”

“तुळजापूरच्या बाजूच्या.”

“मग तुम्हाला येळवस न्हाय व्हय?”

“हाय की. घरची सगळी रानात हायत.”

“आन तुम्ही हितं?”

“तारीख निवडायला चुकले.”

महारुद्र मोठ्यानं हसले. गलक्यातल्या कुणाला तरी त्यांनी ते सांगितलं, तिकडंही हशा उठला. “ताई, ऐका माझं. आता मी हितनं निघायचं म्हणजे पूजा अर्धी सोडून यावं लागंल. तुम्हाला आज गैरहजर दाखवतो. फेब्रुवारीत या, पहिल्या बाकावर बसवतो.”

हरणाबाई पायरीवर बसल्या. फेब्रुवारी म्हणजे काय हे त्या माणसाला सांगून उपयोग नव्हता. पुतण्याचं लग्न, दाढदुखी, अशी कारणं लोक रोजच सांगतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी दुसरंच विचारलं.

“भाऊ, गैरहजर कसं दाखवणार? मशीन चालू केल्याशिवाय दाखवता येतं?”

“मोबाईलवरनं होतं.”

“मग आत एवढंच दिसंल का, की केंद्र आज उघडलंच न्हाय? पर्यवेक्षकानं सकाळपासनं लॉगिन केलं न्हाय, आन अकराच्या आधी रानातनं बाईला गैरहजर केलं?”

पलीकडं घुंगरं वाजत राहिली.

“मी भांडत न्हाय,” बाई म्हणाल्या. “तक्रार बी करणार न्हाय. पण आमच्या बाईंनी शिकवलंय, कोणी कधी बटण दाबलं ते सगळं आत राहतं. उद्या कुणी तुम्हाला इचारलं तर काय सांगायचं ते आजच ठरवून ठेवा. मी साडेअकरापर्यंत हितंच पायरीवर हाय.”

“काय करता तुम्ही, ताई?”

“शाळेत शिपाई.”

“बसा,” महारुद्र म्हणाले. “आलो.”

ते आले तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते. धोतर, पायाला रानातली माती, कपाळावर गुलाल आणि मोटारसायकलच्या हँडलला स्टीलचा डबा. शटर वर गेलं. आत तीसेक संगणक ओळीनं काळे होते. त्यातला एक महारुद्रांनी सुरू केला, दोनदा पासवर्ड चुकवला, तिसऱ्यांदा तो लागला. बाईंचा फोटो काढला आणि त्यांना बसवलं. साडेअकराला अगदी थोडा वेळ उरलेला होता.

प्रश्न निम्मे सोपे होते, काही समजून घ्यावे लागले, दोन अजिबात समजले नाहीत. त्या दोन्हींना बाईंनी वरचा पर्याय देऊन टाकला. मग प्रात्यक्षिक आलं. एक तक्ता करून बेरीज आणायची. सूत्र पहिल्यांदा चुकलं, तेव्हा त्यांनी माऊस सोडला, हात पदराला पुसले आणि पुन्हा धरला. शेवटी एक अर्ज टाइप करायचा होता, आणि तो निघाला रजेचा. तिथं मात्र त्यांना विचार करावा लागला नाही. रामहरी भाऊसाहेबांच्या पुतण्याचं लग्न धाराशिवच्या पडद्यावर पुन्हा एकदा लागलं.

महारुद्र दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांचा फोन सारखा वाजत होता. “आलो गं. एक बाई हायत. न्हाय, एकच. आता उठवू का त्यांना?”

संपल्यावर पडदा थोडा वेळ पांढरा राहिला आणि निकाल आला. उत्तीर्ण. गुण फार नव्हते, पण लागतात त्याहून बरेच जास्त होते. बाईंनी दोनदा वाचलं आणि महारुद्रांना दाखवलं. कारण स्वतःच्या वाचण्यावर त्यांचा त्या क्षणी पुरता विश्वास नव्हता.

“झालात की पास,” ते म्हणाले आणि हजेरी भरायला बसले. “एकास एक. शंभर टक्के हजेरी आमच्या केंद्रात पहिल्यांदाच.”

मग त्यांनी डबा पुढं केला. “घरनं हुकूम हाय, बाईला उपाशी पाठवायचं न्हाय. येळवशीचं.”

बाईंनी तिथंच पायरीवर बसून भज्जी खाल्ली. चिंच जरा जास्त झाली होती. ते त्या बोलल्या नाहीत.

गावाकडं परतून रानात पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. इंद्रजित सर आणि शाळेतली मंडळी जेवून बांधावर बसली होती. रामहरी भाऊसाहेब कोपीच्या सावलीत घोरत होते. शिवपुत्र डोकं चोळत उभा होता.

“सबंध वाटंनं इचारत होते,” तो म्हणाला. “शिवपुत्रा, सासरी निघालास का? एक म्हातारी तर म्हणली, सून चांगली हाय, उंची जरा जास्त हाय.”

“टोपलं पडलं न्हाय ना?”

“पडलं असतं तर हे सगळे अजून बसले असते का?”

इंद्रजित सर उठून आले. “काय झालं, मावशी?”

हरणाबाईंनी मोबाईलवर आलेला निकाल त्यांच्यापुढं धरला. सरांनी तो वाचला, मान हलवली. “उद्या प्रस्ताव तयार करू. टाइप कोण करणार?”

“भाऊसाहेब हायत की.”

सरांनी कोपीकडं पाहिलं. “तुम्हीच करा.”

“आधी जेवू द्या तिला,” कोंडाबाई कोपीतून म्हणाली. पास झाली की नापास, हे तिनं विचारलं नाही. झाकून ठेवलेलं ताट तेवढं पुढं सरकवलं. हरणाबाई दुसऱ्यांदा जेवल्या. एकदा जेवण झालंय हे सांगायची ती वेळ नव्हती.

प्रस्ताव जानेवारीतच गेला. मंजुरी यायला पावसाळा उजाडला. मधल्या काळात काम बाईंनीच केलं, पद तेवढं जुनं राहिलं. आता त्या रामहरी भाऊसाहेबांच्या खुर्चीवर बसतात. शाळेत इंटरनेट आहे, माहिती इथूनच वर चढते. साईट बंद असली तर बंद आहे असं बाई सरांना सांगतात आणि दुसरं काम घेतात.

त्यांच्या जागी शिपाई अजून मिळालेला नाही. भरतीवर बंदी आहे, असं सरांनी सांगितलं. त्यामुळं तास संपायची वेळ झाली की हरणाबाई फाईल सेव्ह करतात, चष्मा काढून ठेवतात, व्हरांड्यात जाऊन घंटेचे टोल देतात आणि परत येऊन बसतात.